रस्त्याची तपासणी

अक्कांना रस्ता ओलांडायला एकोणीस अंक लागतात. मी आमच्या ओट्यावर उभी राहून मोजलेत, एकदा नव्हे, चांगले आठवडाभर. आणि पाटोद्याकडून येणारी गाडी चढावर दिसल्यापासून अक्कांच्या पायवाटेपाशी पोचेपर्यंत नऊ अंक होतात. ट्रक असेल तर अकरा. गाडी पांढरी आणि काचा काळ्या असतील तर सात. मी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवण्यात घालवली. एकोणिसातून नऊ गेले की किती उरतात, हे मला कुणी सांगायला नको. ते उरलेले दहा अंक अक्का रोज दोनदा देवाच्या भरवशावर काढतात.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमच्या दोघींची दारं एकाच अंगणात. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा चाकणला कंपनीत आहे, घरात अक्का आणि दोन म्हशी. गाव रस्त्याच्या या अंगाला आणि अक्कांचं रान, विहीर, म्हशींचा हौद सगळं त्या अंगाला. पूर्वी हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. पाटोद्याहून लिंबागणेशकडे जाणारा हा रस्ता तेव्हा इतका खड्ड्यांचा होता, की एसटीसुद्धा म्हशींच्या मागे मुकाट्यानं चालायची. मग तो रुंद झाला, गुळगुळीत झाला, मधे पांढरे पट्टे आले. गावानं पेढे वाटले. मीही खाल्ला एक, खोटं कशाला बोलू.

पट्टे आले त्याच वर्षी एका गाडीचा आरसा थोरल्या म्हशीच्या शिंगाला लागला. म्हैस बिथरली, अक्का तिच्या दाव्यासकट रस्त्याकडेच्या चारीत पडल्या आणि डावा गुडघा कायमचा गेला. त्याआधी त्या बारा अंकांत पलीकडे जायच्या. गाडीवाला थांबला, खाली उतरला आणि आरसा पाहून निघून गेला.

त्या दिवसापासून मी बांधकाम खात्याकडे अर्ज करायला लागले. आमच्या गावापाशी वेगमर्यादा चाळीस करा, चढावर पाटी लावा, रस्त्यावर त्या खडखडणाऱ्या पट्ट्या मारा. इतकंच मागणं. कधी पोच मिळायची, कधी अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला असं कळायचं, आणि एकदा तर माझाच अर्ज मला माहितीसाठी म्हणून परत आला. मी तो पुन्हा पाठवला. सासरचे लोक मला हट्टी म्हणतात ते काही उगाच नाही.

आणि मग खरंच पत्र आलं. या रस्त्यावरच्या गावांमधल्या वेगमर्यादेचा फेरआढावा घ्यायचा आहे, खात्याचे साहेब येऊन सकाळी दहा ते एक वाहतुकीची पाहणी करतील आणि त्यानंतर ग्रामस्थांशी सल्लामसलत होईल. पत्र ग्रामपंचायतीत आलं होतं. सरपंच ते हातात घेऊन थेट माझ्या ओट्यावर आले.

“बाई, सायेब येनार हाय. तपासनी हाय म्हना ना. तुमचा जलम गेला तपासन्या करन्यात. आमाला जरा सांगा, काय काय करावं लागतं?”

इथं मी चुकले. मला वाटलं, चला, निदान विचारायला तरी आला माणूस. आणि साहेब येणार म्हटल्यावर माझ्या अंगात हेडमास्तरीण शिरली. ती गेल्यात जमा आहे असं मी समजत होते, पण ती कुठं जात नाही. पारासमोरचं शेण उचला, गटार झाका, सतरंज्या धुवून घ्या, प्यायचं पाणी झाकलेलं ठेवा, असं मी धडाधड सांगत सुटले. शेवटी म्हणाले, “हे बघा, साहेबांसमोर गाव नीट दिसलं पाहिजे.” हे वाक्य मी शाळेत इतक्यांदा बोलले होते, की ते आपोआप बाहेर पडलं. सरपंचांनी मान डोलावली. एवढ्या आज्ञाधारकपणे ते माझं कधीच ऐकत नाहीत, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी आणखी एक गोष्ट केली. ती सांगताना अजून लाज वाटते. अक्का धार काढत होत्या. मी म्हणाले, “अक्का, उद्याच्या दिवस म्हशी घरीच बांधा. पाणी मी नळाचं भरून देते. साहेबांच्या पुढ्यात नेमकं शेण पडायचं.”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. “आगं, सायेब माझ्याचसाठी येतोय म्हनलीस ना?”

“तुमच्याचसाठी. म्हणून तर म्हणते.”

त्या म्हशीच्या पाठीवर हात फिरवत बसल्या. आणि मी, गणित शिकवलेली बाई, माझं बोलणं किती उफराटं आहे हे न कळता सतरंज्या मोजायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गाव ओळखू येत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही कडांनी चुन्याची फक्की मारलेली. पारापुढं रांगोळी. एरवी कडेला वाळत पडलेला कडबा गायब, हातगाडा गायब, चिंचेखाली पत्ते कुटणारे पाचसहा जण गायब. साहेब वेळेवर आले, हे मला फार आवडलं. तरणा माणूस, चष्मा, बोलायला सभ्य. बरोबरच्या माणसानं पारापाशी तिपाईवर एक यंत्र बसवलं. गाडी समोरून गेली की त्यावर आकडा उमटायचा आणि तो वहीत उतरवून घ्यायचा. मी मनात म्हटलं, आता बघा म्हणावं पांढऱ्या गाड्या.

पहिली पांढरी गाडी आली ती लग्नाच्या वरातीसारखी. सावकाश. चालकानं मान बाहेर काढून दोन्हीकडे पाहिलं आणि अदबीनं पुढे गेला. तिच्यामागून ट्रक आला, तोही तसाच. मग एसटी. मग विटांचा टेंपो, ज्याचा ब्रेक कधी लागल्याचं गावात कुणी ऐकलं नव्हतं. सगळे शाळेत नुकतं नाव घातल्यासारखे चालले होते. साहेब यंत्रात बघत होते, वहीवाला लिहीत होता आणि सरपंच माझ्याकडे बघून मिशीत हसत होते.

“बाई, शिस्त बघा.”

मी चप्पल अडकवली आणि चढाकडे निघाले. उन्हाचं तिथवर चालत जायचं माझं वय नाही, पण रागानं माणूस चालतं. चढाच्या पलीकडच्या उतारावर, पारावरून दिसणार नाही अशा बेतानं, आमचं तरुण मंडळ उभं होतं. अंगात सारखे टी-शर्ट, हातात आडवी धरलेली दोरी, आणि एकाच्या कपाळाला तर गुलालही होता.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे गणपतीच्या आधी पोरं अशीच रस्त्यावर दोरी धरतात आणि वर्गणी मागतात. दहावीस द्यायचे, दोरी खाली जाते. या भागातल्या प्रत्येक चालकाला ती दोरी लांबून ओळखू येते. ब्रेक मारण्याइतका धाक त्यांना ना पोलिसाचा आहे ना पाटीचा. तो या दोरीचा आहे. त्या दिवशी आमची मंडळी गाडी थांबवत, वर्गणी नको म्हणत आणि पुढं गावात साहेब बसलाय, हळू जा, असं सांगून दोरी खाली सोडत. लिंबागणेशच्या अंगाला, पुलापाशीही अशीच दुसरी टोळी होती.

“अरे, हे काय चालवलंय?” मी ओरडले.

“कावून बाई? तुमीच म्हनला ना, गाव नीट दिसलं पाह्यजे.” मंडळाचा अध्यक्ष म्हणाला. लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप, माझाच विद्यार्थी. “सकाळधरनं एक बी गाडी जोरात न्हाई जाऊ दिली. सायेब खूश हायत का?”

मी कपाळाला हात लावला. त्याला काय समजावणार? साहेबांना हे गाव वाईट दिसायला हवं होतं, हे मला बोलून दाखवता येईना. त्याला तर सोडाच, मला स्वतःलाच ते धड पटेना. जन्मभर मी लेकरांना हेच शिकवलं, की पाहुणा आला की हात बांधून सरळ बसायचं. आता ती लेकरं मोठी होऊन हात बांधून बसली होती. मी म्हणाले, “दोरी गुंडाळा आणि घरी जा.” ते म्हणाले, “सरपंच सांगतील तवा.” मी परत पारापाशी आले तोवर एक वाजून गेला होता आणि वहीवाला यंत्र पेटीत ठेवत होता.

मग सल्लामसलत. ती मारुतीच्या सभामंडपात. आधी सत्कार. साहेबांना फेटा, शाल, नारळ. वहीवाल्याला शाल, नारळ. सरपंचांनी माजी सरपंचांना व्यासपीठावर बोलवायला जरा उशीर केला म्हणून माजी सरपंच रुसून चपला घालायला लागले, मग त्यांची समजूत, मग त्यांना दोन हार. मीही सत्कारमूर्ती. मला नारळ आणि लाल ब्लाउजपीस. टाळ्या. या सगळ्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात अक्का तीसेक वेळा रस्ता ओलांडून आल्या असत्या. त्या मात्र घरी होत्या, म्हशींपाशी. बायकांमध्ये बसायला येते म्हणाल्या होत्या, आल्या नाहीत.

साहेब म्हणाले, “वेगमर्यादेबद्दल आपलं काय मत आहे, मोकळेपणानं सांगा.”

लोक फारच मोकळे झाले. एकानं एसटीचा थांबा मागितला, एकानं गावाच्या नावाची कमान. हॉटेलवाल्याचं म्हणणं, गतिरोधक करायचाच तर माझ्या हॉटेलासमोर करा, गाड्या तशाही थांबतातच. त्याच्या शेजारचा म्हणाला, मग रात्रभर ट्रक माझ्या दारात आदळणार का बे? सरपंच म्हणाले, वेग चाळीस ठेवा. चाळीस ऐकल्याबरोबर माजी सरपंच उठले, की चाळीस म्हणजे गावाचा अपमान, आमच्या गाड्या काय बैलगाड्या हायत? साठ पाहिजे. सरपंच पंचेचाळीसवर आले. माजी सरपंच साठावरून हलेनात. कुणीतरी मागून ओरडलं, “पन्नासला सोडा आन मिटवा!” आणि सगळे हसले. पाटोद्याच्या बाजारात बैलाचा सौदा करावा तसा माझ्या जावेच्या जिवाचा सौदा चालला होता, आणि मी मांडीवर नारळ घेऊन बसले होते. मला इतका संताप आला की तो नारळ कुणावर तरी फेकावा.

शेवटी साहेबांनी हात वर केला. “वादाचं काही कारणच नाही. आमच्या आजच्या नोंदीप्रमाणे आपल्या गावातून गाड्या मुळातच चाळिसाच्या आत जातात. इतकं शिस्तीचं गाव मला या रस्त्यावर दुसरं दिसलं नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरपंच आणि माजी सरपंच दोघंही वाजवत होते. गाव पास झालं होतं.

मी उठले. “साहेब, ते खोटं आहे.”

सरपंच माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी देवळात चप्पल घालून आले आहे.

“चढापलीकडं पोरं दोरी धरून उभी होती. तुम्ही येणार म्हणून. एरवी इथं गाड्या शंभराच्या घरात येतात. माझी जाऊ रोज दोनदा म्हशी घेऊन ओलांडते, तिचा गुडघा याच रस्त्यानं घेतलाय. तुम्ही एकदा न सांगता या.”

साहेब गोड हसले. “बाई, न सांगता आलो तर सल्लामसलत कशी होणार? आणि आज तीन तासांत एकही जनावर रस्त्यावर दिसलं नाही. तुमच्या जाऊबाई आल्यात का इथं?”

मी बायकांकडे पाहिलं. मला ठाऊक होतं त्या नाहीत. कुणाच्या सांगण्यावरून म्हशी दाव्याला होत्या, तेही मला ठाऊक होतं.

“तुम्ही लेखी द्या,” साहेब म्हणाले. “नक्की विचार करू.”

मंडप सुटल्यावर कुणी माझ्याशी बोललं नाही. हॉटेलवाला तेवढा जाता जाता म्हणाला, “बाई, चार मान्सात गावाची इज्जत काढली तुमी.” मी लेखी दिलं. त्याचं काही उत्तर आलं नाही.

उत्तर आलं ते गावाला. प्रस्तुत ठिकाणी वाहनचालक स्वयंशिस्तीने वेग मर्यादित ठेवतात, पादचारी व जनावरांची ये-जा आढळून आली नाही, सबब वेगमर्यादा कमी करण्याची आवश्यकता दिसून येत नाही. खाली ग्रामस्थांच्या सहकार्याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. सरपंचांनी त्या पत्राला चौकट करून ते ग्रामपंचायतीत लावलं, स्वच्छतेच्या प्रमाणपत्राशेजारी. अजून आहे. दाखला काढायला गेलं की समोरच दिसतं.

मी ते मोबाइलमध्ये टिपून आणलं आणि अक्कांना वाचून दाखवलं. त्या वैरण तोडत होत्या. जनावरांच्या ये-जेच्या वाक्यापाशी त्यांनी विळा थांबवला.

“ये-जा न्हाई म्हनत्यात?”

“तसं लिहिलंय.”

“मंग मी रोज कुटं जाते?”

मी म्हणाले, “अक्का, चुकलं माझं. मीच तुम्हाला घरी बसवलं.”

“तुजं न्हाई गं.” त्यांनी पुन्हा वैरण तोडायला घेतली. तोडता तोडता म्हणाल्या, “सायबासाटी दोनी अंगाला मानसं हुबी केलती. माज्यासाटी येक बी मिळंना का गं? सकाळी येकदा, दिवस कलायच्या टायमाला येकदा. लई येळ न्हाई लागत.”

त्यांनी तक्रार म्हणून नव्हतं विचारलं. खरंच विचारत होत्या, कामाला माणूस मिळेल का तसं. म्हणून ते फार लागलं. मी उठून तडक तरुण मंडळाच्या अध्यक्षाकडे गेले. तो दारात मोटारसायकल धूत होता. मी म्हणाले, “उद्या सकाळी सातला चढावर एक माणूस पाठव. दोरी असू दे बरोबर. दहा मिनिटांचं काम आहे.”

“कावून बाई? सायेब येनार हाय का?”

“नाही.”

“मंग?”

मी परत फिरले. नापास करायचे दिवस गेले, नाहीतर त्याला दाखवलं असतं.

सकाळी सातला मीच चढावर गेले. कपाटात सत्कारातलं लाल ब्लाउजपीस तसंच घडीत पडून होतं. ते वेळूच्या काठीला बांधलं. आधी मला फार ओशाळवाणं झालं. जाणारे येणारे ओळखीचे, हेडबाई उन्हात झेंडा घेऊन का उभी आहे म्हणून वळून बघणारे. खाली वळून पाहिलं तर अक्का पायवाटेच्या तोंडाशी म्हशी घेऊन उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

पाटोद्याच्या बाजूनं एक गाडी आली. पांढरी, काळ्या काचांची. मी काठी आडवी धरली आणि जोरजोरात हलवली. तिनं करकचून ब्रेक लावला. काच खाली आली. आत तरुण माणूस, त्याचा हात आधीच वरच्या खिशाकडे गेलेला. मग त्यानं मला नीट पाहिलं, पिकलेले केस, चष्मा, इस्त्रीची साडी, आणि हात खाली घेतला.

“काय झालं मावशी? कुणी साहेब येतायत का?”

मी खाली पाहिलं. अक्कांनी पहिली म्हैस डांबरावर घातली होती. दुखरा पाय हळूच टेकवत त्या तिच्यामागून निघाल्या होत्या.

“हो,” मी म्हणाले. “त्या बघा, येतायत.”

त्यानं गाडी बंद केली. मी सवयीनं मोजायला लागले. अक्का मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर थांबल्या, दाव्याला पडलेला पीळ सोडवला, मागच्या म्हशीला हाक मारली आणि मग सावकाश पलीकडे गेल्या. त्या दिवशी त्यांना सव्वीस अंक लागले.